घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना स्वतःसाठी काही ठरवता येतं का?

मासुंदाकाठ (रात्री २:४७)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. "हो" आणि "अगं" एवढे दोनच शब्द उरलेत, त्यांच्यावर ती सगळं भागवते. "अगं" चढ्या आवाजात आलं तर पाणी, लांबवलं तर कूस, दोनदा आलं तर टीव्हीचा चॅनल. भाऊ बंगळुरूला. नवरा ठाण्याहून बीकेसीला जाऊन परत येतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. मुलगी बारावीत. मी घरून अकाउंट्सचं काम करते. दिवसा बारा तास नर्सिंग ब्युरोच्या (पेशंटसाठी घरी माणसं पुरवणाऱ्या) मावशी, रात्र माझी.

परवा फॅमिली डॉक्टरांनी माझं बीपी बघितलं, गोळी सुरू केली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा. आईसाठीच्या नकोत, तुमच्यासाठीच्या." कागद समोर आहे. "रोज ४५ मिनिटं चालणे" लिहिलं आणि खोडलं. सकाळी डायपर, स्पंजिंग, भरवणं. संध्याकाळी मावशी निघतात त्याच वेळी मुलीचा क्लास सुटतो. "पुरेशी झोप" लिहिलं तेव्हा माझं मलाच हसू आलं.

तर ज्यांनी हे केलंय किंवा करताय, त्यांनी स्वतःसाठी नेमकं काय ठरवलं आणि ते टिकलं का? "स्वतःची काळजी घ्या हं" असं प्लीज कोणी लिहू नका, ते फोनवर रोज ऐकते.

भरलीवांगी

स्वतःची काळजी घ्या हं.

(पळतो)

मासुंदाकाठ

वांगी, तुम्हाला मावशी म्हणून ठेवून घेईन. रात्रपाळी.

खडीसाखर

माझं ध्येय सांगू? बाथरूमचं दार आतून लावून अंघोळ करायची. सासऱ्यांना विसरभोळेपणाचा आजार आहे, मी दिसले नाही की ते मला शोधत गॅसपर्यंत जातात. अजून पूर्ण साध्य नाही, पण डोक्याला शांपू लावेपर्यंत मजल गेली आहे.

जुनंतेसोनं

जरा वेगळं मत. "सेल्फ केअर" हे हल्लीचं फॅड आहे. आमच्या आजीने पणजीचं सगळं अंथरुणात केलं, तोंडातून चकार शब्द नाही. ध्येय वगैरे ठरवायला तिला डॉक्टर लागला नाही. कर्तव्य म्हटलं की माणूस करतो.

खडीसाखर

@जुनंतेसोनं, आजीला जावा किती होत्या?

जुनंतेसोनं

दोन. आणि एक नणंद माहेरी असायची. का?

खडीसाखर

काही नाही. चार बायकांत एक पेशंट. आम्हीही चकार शब्द काढला नसता.

भरलीवांगी

:D :D

शिवाय आजीने चकार शब्द काढला नाही हे कोणी सांगितलं? आजोबांनी?

हाडवैद्य_नाही

मासुंदाकाठ, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूरला. माझ्याकडे पक्षाघाताचा पेशंट येतो आणि चार-सहा महिन्यांत त्याची मुलगी किंवा बायको कंबर धरून येते. म्हणून तुमच्या कागदावर पहिली ओळ मी लिहितो: कंबर वाचवणे. चालायला वेळ मिळेल तेव्हा मिळेल, हे आजपासून करता येतं.

आईंना उचलायचं नाही, सरकवायचं. पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, तिरकी लावा. चाकांचे ब्रेक लावलेत ना बघा. दोन्ही पावलं जमिनीला टेकू देत. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधा (ट्रान्स्फर बेल्ट मिळतो), उजवा गुडघा तुमच्या दोन गुडघ्यांत धरा आणि त्यांना पुढे झुकायला सांगा, नाक पावलांच्या पुढे येईपर्यंत. माणूस पुढे झुकला की बूड आपोआप हलकं होतं. मग वळवा आणि बसवा. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. उजव्या हाताला धरून कधीही ओढू नका, लुळा खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि ते दुखणं फार वाईट. मावशींनाही हे दाखवा. निम्म्या मावशी काखेत हात घालून ओढतात.

अंथरुणात वर सरकवायला आईंच्या पाठीपासून मांड्यांपर्यंत जुन्या सुती साडीची घडी कायम घालून ठेवा, दोघींनी दोन्हीकडून धरून सरकवा. पलंग फार खाली असेल तर सुताराकडून पायांखाली लाकडी ठोकळे घाला. तुमच्या कमरेच्या उंचीला आला की निम्मं काम झालं. फक्त खुर्चीत घेताना पाय जमिनीला टेकले पाहिजेत, तेव्हा पक्की रुंद पायरी ठेवा, डुगडुगणारं स्टूल नको.

आणि रात्रीचं. दर दोन तासांनी कूस बदलायची असं सांगितलं असेल. तुमच्याकडे हवेची गादी आहे का? असेल आणि त्वचा चांगली असेल, कुठे लाली राहत नसेल, तर रात्री हे अंतर वाढवता येईल का हे डॉक्टरांना किंवा जखमा बघणाऱ्या नर्सला विचारा. स्वतःच्या मनाने वाढवू नका. पण विचारा, कारण बरेच लोक विचारतच नाहीत आणि वर्षानुवर्षं गजर लावून उठतात.

मासुंदाकाठ

हाडवैद्य, हे छापून पलंगाशी लावते. गादी आहे, हे मात्र कधीच विचारलं नाही. खांद्याचं वाचून धस्स झालं, मावशी अगदी तसंच ओढतात.

निवृत्तीनंतर

मी ६८ वर्षांचा. पत्नीला पार्किन्सन्स आहे, बारा-तेरा वर्षं झाली. एक निरीक्षण सांगतो, कोणाला टोचलं तर टोचो.

मी पत्नीचं करतो म्हणून सोसायटीत माझा केवढा गौरव! शेजारणी डबे आणून देतात. गणपतीत जाहीर सत्कार झाला, शाल-श्रीफळ. आमच्याच मजल्यावर एक बाई आईचं आणि सासूचं, दोघींचं करतात. त्यांना नारळ सोडा, लिफ्टसुद्धा कोणी थांबवून धरत नाही. मी सेक्रेटरीला म्हटलं, शाल त्यांना द्या. त्याला वाटलं मी विनोद करतोय.

आता मूळ प्रश्न. मी ठरवलेलं एकच: माझ्या स्वतःच्या तपासण्या. दात, डोळे, साखर. पत्नीच्या न्यूरॉलॉजिस्टची तारीख मला झोपेत विचारली तरी सांगेन, माझा चष्मा मात्र किती वर्षं तोच होता कोण जाणे. आता तिची अपॉइंटमेंट घेतली की त्याच फोनवर माझी एक घेतो. कोणतीही चालेल, पण घ्यायची.

दुसरं म्हणजे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे पेशंट आणि त्यांचे आम्ही शुभंकर, म्हणजे काळजी घेणारे, दोघेही जातो. तिथे गेल्यावर कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही, हा फार मोठा आराम आहे. नातेवाइकांना दर वेळी "हात थरथरतो म्हणजे ती घाबरलेली नाहीये" इथपासून सुरुवात करावी लागते.

यॉर्कशायरी

आम्ही इंग्लंडमध्ये. मुलाला तीव्र ऑटिझम आहे, आता तो अठरा पूर्ण. इकडे २०१४ च्या केअर ॲक्टनुसार प्रौढ व्यक्तीची काळजी घेणाऱ्याचंसुद्धा स्वतंत्र मूल्यांकन कौन्सिलला करावं लागतं. समोरची बाई मला विचारते, तुला हे करायची इच्छा आहे का? तुझी नोकरी, तुझी झोप, तुझ्या मैत्रिणी यांचं काय? पहिल्यांदा "इच्छा आहे का" असं विचारलं तेव्हा मी गप्पच झाले. आपल्याकडे हा प्रश्नच अश्लील वाटतो.

फार हुरळून जाऊ नका, मूल्यांकन झालं म्हणजे मदत मिळतेच असं नाही, रांगा लांब आहेत. पण त्या फॉर्ममुळे एक शिस्त लागली. "मला आराम हवा" असं त्यावर लिहिलेलं चालत नाही. कुठल्या वारी, किती तास, तेव्हा मुलाजवळ कोण, असं लिहावं लागतं.

जुनंतेसोनं

बघा, म्हणजे तिकडचंच आलं ना शेवटी.

यॉर्कशायरी

काका, वार आणि तास इकडेही तेच आहेत, मंगळवार, दोन तास.

चिडकाबिब्बा

सगळे झोप आणि चालण्यावर बोलताहेत. भावावर कोणीच का बोलत नाही? बंगळुरू म्हणजे काय चंद्र आहे का? २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, मुलांना निर्वाहखर्च द्यावा लागतो. प्रांताधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण असतं, अर्ज टाका.

वकिलीण_नाशिक

चिडकाबिब्बा, जरा सबुरी. कायदा आहे, मूळ कायद्यात महिन्याला १०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, आणि आईंना स्वतः अर्ज करता येत नसेल तर त्यांच्या वतीनेही होतो. पण तो सांभाळ न करणाऱ्या मुलांसाठी. इथे भावाने पैसे नाकारलेत असं धागाकर्तीने कुठे म्हटलंय? आणि न्यायाधिकरण पैसे मिळवून देतं, रविवारची दुपार मिळवून देत नाही.

मासुंदाकाठ

भाऊ वाईट नाही हो. पैसे निम्मे पाठवतो, न मागता. प्रश्न असा की त्याला वाटतं पैसे दिले की झालं, आणि मला वाटतं मागायचं काय, त्याला कळायला हवं.

देवगडहापूस

"त्याला कळायला हवं" या वाक्यावर माझी तीन वर्षं गेली, ताई. दोन भाऊ मुंबईत, मी देवगडला, वडील अंथरुणात. त्यांना काही कळलं नाही. कळणार कसं? फोनवर मी "ठीक चाललंय" म्हणायचे.

मग मी यादी पाठवली. लांबून होणारी कामं बरीच असतात. औषधं ऑनलाइन मागवणं, ब्युरोचा हिशेब, मावशीने दांडी मारली तर बदली माणसासाठी दहा फोन करणं, विम्याचे कागद, डायपरचा साठा. धाकट्याने औषधं आणि ब्युरो घेतलं, थोरल्याने कागदपत्रं. आणि दोघांनी आळीपाळीने महिन्यातून एक शनिवार-रविवार यायचं. पहिल्या खेपेला थोरल्याने रविवारी दुपारीच विचारलं, "रोज असंच असतं?" त्यानंतर रात्रीच्या माणसाचे पैसे मला मागावे लागले नाहीत.

तुमच्या कागदाबद्दल: मी "काय करणार" आधी लिहितच नाही. आधी लिहिते त्या वेळी बाबांजवळ कोण. "बुधवार ५ ते ६:३०, शेजारचा पऱ्या." त्या दीड तासात मी समुद्रावर जाते की झोपते की नुसती भिंतीकडे बघते, तो माझा प्रश्न. समोर नाव नसलेली ओळ मी कापून टाकते, कारण ती होत नाही हे ठाऊक झालंय. तुमची ४५ मिनिटं कमी इच्छाशक्तीने नाही गेली. त्यांच्यासमोर कोणाचं नाव नव्हतं म्हणून गेली.

हाडवैद्य_नाही

शंभर टक्के. पेशंटचा व्यायाम लिहून देताना आम्ही "कोण करून घेणार" ही रकाना ठेवतोच. नातेवाइकांसाठी कधी ठेवला नाही. उद्यापासून ठेवतो.

भरलीवांगी

"हा रकाना". रकाना पुल्लिंगी. (सवय हो)

हाडवैद्य_नाही

कोल्हापुरात रकाना बी मापात राहतोय, लिंगाचं बघू नंतर.

परळीची_सून

तुम्हा सगळ्यांचं ब्युरो, मावशी, दोन पाळ्या वाचून वाईट वाटलं नाही, पण एक सांगते. आमच्या गावात ब्युरो नाही. सासूबाई पाच वर्षं खाटेवर. दिवसा शेत, रात्री त्या. पैसे देऊन माणूस ठेवायचा तर शेतमजुरीच्या दिवसांत कोण येणार?

मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. दर एकादशीला संध्याकाळी मंदिरात जाते म्हणजे जातेच. मला आवडतं म्हणून जाते असं म्हटलं असतं तर पहिल्या महिन्यातच बंद पडलं असतं. पण मी गेले नाही तर बारा बाया बिनपेटीच्या बसतात, म्हणून घरचेही सोडतात. तेवढा वेळ मालक आईजवळ बसतात. पहिल्यांदा त्यांना डायपर बदलता येईना, मला बोलवायला पोरगं देवळात आलं. मी अभंग पुरा करून गेले. आता येतं त्यांना.

खडीसाखर

"मी अभंग पुरा करून गेले." परळीकर, पाया पडते.

निवृत्तीनंतर

ही फार मोलाची गोष्ट आहे. कोणीतरी आपली वाट बघत असेल अशी जागा शोधायची. एकट्याने फिरायला जायचं ठरवलं तर ते पहिलं रद्द होतं.

शांतपणे

मी समुपदेशक आहे. काळजी घेणाऱ्यांवर किती भार आहे हे मोजण्याची एक प्रश्नावली आहे, स्टीव्हन झारिट यांनी १९८० मध्ये मांडलेली. आता बहुधा तिची २२ प्रश्नांची आवृत्ती वापरतात. प्रत्येक प्रश्नाला "कधीच नाही" पासून "जवळजवळ नेहमी" पर्यंत शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण ८८. त्यातला एक प्रश्न सरळ असाच आहे की, या माणसासाठी वेळ देताना स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का. मी आकड्यांपेक्षा कोणता प्रश्न वाचताना माणूस थांबतो ते बघते. बहुतेक जण रागाबद्दलच्या प्रश्नाशी थांबतात आणि "कधीच नाही" वर खूण करतात.

ताई, रात्री पावणेतीनला धागा काढलाय तुम्ही. बीपी आहे, झोप नाही. मन फार खचतंय असं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. फोन करायला "फार वाईट" अवस्था यावी लागत नाही.

उनाडउन्हं

मला या "ध्येय" प्रकरणाचाच कंटाळा आहे. आधीच औषधांचा तक्ता, लघवीच्या पिशवीचा तक्ता, बीपीचा तक्ता. त्यात माझ्या आनंदाचाही तक्ता? आणि चुकलं की आणखी एका गोष्टीत नापास. माझी आई गेली त्याला वर्ष होईल. त्या काळात मी एकही गोष्ट ठरवली नव्हती. दुपारी ती झोपली की कोडं सोडवायचे, शब्दकोडं. ते ठरवलं असतं तर सोडवलं नसतं.

देवगडहापूस

उनाडउन्हं, तुमची आई दुपारी झोपायची. आमचे बाबा झोपत नाहीत. सहज मिळणारा वेळ ज्याला आहे त्याने खुशाल ठरवू नये. ज्याला नाही त्याला मांडणी करावी लागते.

उनाडउन्हं

मान्य. पण नापास व्हायची भीती आहेच ना? मला वाटतं डॉक्टरांनी तीन मागितल्या तरी एकच लिहावी.

चिडकाबिब्बा

कोणी आईला काही दिवस कुठे ठेवायचं सुचवणार आहे की नाही? का लोक काय म्हणतील?

वकिलीण_नाशिक

मी सुचवते. ठाणे-पुणे-नाशिककडे काही शुश्रूषागृहं आठ-पंधरा दिवसांसाठीही पेशंट ठेवून घेतात. आधी स्वतः जाऊन बघायचं: रात्री किती माणसं असतात, गिळताना ठसका लागणाऱ्या पेशंटला कसं भरवतात, कूस कधी बदलली याची नोंद ठेवतात का. कर्करोगाचा पेशंट असेल तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) सेंटर १९९७ पासून आहे, तिथे मोफत आहे आणि घरच्यांनाही शिकवून तयार करतात. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन त्याहूनही जुनं, १९८६ चं. पक्षाघातासाठी इतकं सोयीचं काही चटकन सांगता येत नाही, ही खरी अडचण.

खडीसाखर

आम्ही सासऱ्यांना दहा दिवस ठेवलं होतं. नणंदेने तीन महिने अबोला धरला. नंतर तिच्याकडे आठ दिवस पाठवले, चौथ्या दिवशी तिचा फोन, "ती जागा कुठली होती गं?"

भरलीवांगी

हा धागा खडीसाखरेच्या नावावर करा.

कागदीघोडे

अवांतर, पण वेळ वाचवणारं. आईंना पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत उचलून नेऊ नका. जीवन प्रमाण, म्हणजे तोच दाखला डिजिटल, २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून मोबाइलवर चेहरा ओळखूनही होतं. पोस्टमनही घरी येऊन करून देतो, थोडं शुल्क लागतं. हे काम भावावर ढकलता येणार नाही, कारण आई समोर लागते, पण पोस्टमनशी बोलून वेळ ठरवायचं ढकला. आयकरातही जुन्या पद्धतीत सवलती आहेत, सीएला विचारा. अरे हो, ताई स्वतःच अकाउंट्सवाल्या. माघार.

मासुंदाकाठ

दोन दिवस येता आलं नाही, मावशींनी दांडी मारली. सगळं आज वाचलं.

भावाला यादी पाठवली, देवगडहापूस यांच्या पद्धतीने. त्याचं उत्तर आलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" राग आला खरं तर, पण ब्युरो आणि औषधं त्याने घेतली आहेत. आणि आठवड्यातून दोन रात्रींसाठी वेगळ्या मावशी, त्याच्या खर्चाने. हाडवैद्य, कुशीबद्दल डॉक्टरांना विचारलं, ते नर्स पाठवून त्वचा बघून सांगणार आहेत.

कागदावर असं लिहिलंय:
मंगळवार आणि शुक्रवार रात्र, आईजवळ मावशी, मी मुलीच्या खोलीत झोपणार, दार लावून.
रविवार सकाळ ७ ते ८:३०, आईजवळ नवरा, मी तलावपाळीला. समोरच्या वहिनींना बरोबर यायला सांगितलंय, त्या खाली उभ्या राहून हाका मारतात, त्यामुळे रद्द करणं अवघड.
तिसरी ओळ रिकामी ठेवली आहे. उनाडउन्हं, ती तुमची.

जुनंतेसोनं

नवऱ्याला भरवायला येतं का? आईंना ठसका लागत असेल तर पातळ चहा देऊ नका म्हणावं. आमच्या आजीने पणजीला नाचणीचं सत्त्व घट्टसर करून द्यायचं ठेवलं होतं, बसवून, हनुवटी जरा खाली. मग अर्धा तास आडवं करायचं नाही.

हाडवैद्य_नाही

काका, पैकीच्या पैकी! किती घट्ट ते मात्र गिळणं तपासणाऱ्या थेरपिस्टकडून ठरवून घ्या.

खडीसाखर

म्हणजे आजोबांनी बघितलं होतं सगळं, फक्त हात लावला नव्हता.

डोंबिवलीचा_दादा

धागा आजच वाचला. वडिलांसाठी रात्रीचा ब्रदर हवा आहे, डोंबिवली पूर्व, वजन ८० च्या वर आहे त्यामुळे मावशींना झेपत नाही. कोणाकडे खात्रीचा ब्युरो असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ट्रान्स्फर बेल्ट कुठल्या मापाचा घ्यायचा हेही सांगा, कंबर ४४.

देवगडहापूस

व्यनि केलाय. ॲडव्हान्स देऊ नका, आधी दोन रात्री माणूस बघा.